वजन न करता रेणूंची मोजणी

सेंद्रिय रसायनशास्त्रात वायूंची गणिते आली, की विद्यार्थी लगेच २२.४ या आकड्याकडे धाव घेतात. मिलिलिटरचे लिटर, लिटरचे मोल, आणि पुन्हा उलटा प्रवास! उत्तर बहुधा बरोबर येते, पण एक मूलभूत गोष्ट नजरेतून निसटते. वायूंच्या बाबतीत आकारमान मोजणे म्हणजेच रेणू मोजणे होय.

वायूंचा संयोग साध्या पूर्णांकी आकारमानांत होतो, असे गे-लुसॅक यांनी १८०८ मध्ये दाखवले. १८११ मध्ये आव्होगाड्रो यांनी त्याचे कारण सुचवले: तापमान व दाब सारखे असतील, तर सर्व वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते. ही कल्पना रसायनशास्त्रज्ञांच्या गळी उतरायला मात्र जवळजवळ अर्धे शतक लागले. १८६० च्या कार्ल्सरूह परिषदेत कानिझारो यांनी तिचा पुरस्कार केला, त्यानंतरच ती रुजू लागली.

एक उदाहरण घेऊ. एका वायुरूप हायड्रोकार्बनचे १० मि.लि. आणि ऑक्सिजनचे १०० मि.लि. एकत्र करून ठिणगीने पेटवले. मूळ तापमान व दाब येऊ दिल्यावर ७५ मि.लि. वायू उरला. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने त्यातील काही भाग शोषून घेतला आणि ३५ मि.लि. ऑक्सिजन शिल्लक राहिला. हा हायड्रोकार्बन कोणता?

शोषला गेलेला ४० मि.लि. वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. १० मि.लि.पासून ४० मि.लि., म्हणजेच एका रेणूपासून चार रेणू. म्हणून मूळ रेणूत कार्बनचे ४ अणू. खर्च झालेला ऑक्सिजन ६५ मि.लि., म्हणजे एका रेणूमागे ६.५ रेणू. त्यांपैकी ४ कार्बनसाठी लागले. उरलेल्या २.५ रेणूंतील ५ अणूंपासून पाण्याचे ५ रेणू झाले, आणि त्यांत हायड्रोजनचे १० अणू असतात. कार्बन ४, हायड्रोजन १०: हा ब्यूटेन. आयसोब्यूटेनही हेच आकडे देईल, कारण या पद्धतीने रेणुसूत्र कळते, रचना नाही.

या साऱ्यात २२.४ कोठेच आले नाही. मुळात तो आकडा ०° सें. व १ वातावरण दाबापुरता आहे. दाब १ बार घेतला तर तो २२.७ होतो, आणि २५° सें. व १ वातावरण दाबाला सुमारे २४.५. गुणोत्तर मात्र बदलत नाही. पथ्य एकच: सर्व आकारमाने एकाच तापमानाला व दाबाला मोजलेली हवीत, आणि पदार्थ वायुरूप हवा. वरील उदाहरणात पाणी द्रवरूप झाले म्हणून ते मोजले गेले नाही.

वजनावरून आकारमान काढायचे असेल, तेव्हाच मोलच्या आकारमानाची गरज पडते. घरगुती गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असतो. सोयीसाठी सगळा ब्यूटेन धरू. ब्यूटेनचे रेणुवस्तुमान ५८, म्हणजे सुमारे २४५ मोल. २५° सें. ला त्याचे आकारमान सुमारे ६,००० लिटर भरते. त्याला ६.५ पट, म्हणजे ३९,००० लिटर ऑक्सिजन लागेल. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणून हवा सुमारे १,८६,००० लिटर! तीन मीटर लांब, रुंद व उंच अशा जवळजवळ सात खोल्यांतील सगळा ऑक्सिजन एक सिलिंडर संपवतो. हवा अपुरी पडली, की विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी का हवी, याचे उत्तर समीकरणातील ६.५ या सहगुणकात आहे.

शेवटी वर्गासाठी एक कोडे. हायड्रोकार्बनचे पूर्ण ज्वलन १२०° सें. ला केले, म्हणजे पाणी वाफेच्या रूपातच राहिले, आणि एकूण आकारमान मुळीच बदलले नाही, असे कोणत्या हायड्रोकार्बनांबाबत घडेल? मिथेन व इथीन ही दोन उदाहरणे सांगावीत आणि त्यांच्यातील साम्य विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. रेणूत हायड्रोजनचे अणू चारच हवेत, कार्बनचे कितीही चालतील, हे त्यांनी समीकरण मांडून स्वतः सिद्ध केले, तर विषय समजला असे खुशाल मानावे.