तणावजन्य डोकेदुखी : स्वरूप आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार औषधोपचार

बीजशब्द : तणावजन्य डोकेदुखी, वेदनाशामके, अतिवापर, प्रतिबंधक औषध, ॲमिट्रिप्टिलिन

प्रस्तावना :

चाकूर, अहमदपूर, उदगीर या परिसरात डोके दुखणे हा सहसा आजार मानला जात नाही. सुंठ उगाळून कपाळावर लेप लावावा, डोक्याला फडके घट्ट बांधावे, चहा घ्यावा आणि तरीही थांबले नाही तर दुकानातून एखादी गोळी आणावी, असा उपचारांचा क्रम घरोघरी रूढ आहे. क्वचित उद्भवणाऱ्या डोकेदुखीपुरता तो बहुधा निरुपद्रवी ठरतो. मात्र डोके महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस दुखू लागले आणि गोळी नित्याची झाली, तर उपचारच विकाराचे कारण बनू शकतो. 'लातूर पॅटर्न'च्या स्पर्धात्मक वातावरणात रात्री जागणारे विद्यार्थी आणि अध्यापन, मूल्यमापन व कार्यालयीन कामे एकाच वेळी सांभाळणारे प्राध्यापक या दोहोंच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे.

उद्दिष्टे :

१. तणावजन्य डोकेदुखीचे स्वरूप व प्रकार समजून घेणे.
२. तात्कालिक व प्रतिबंधक औषधांमधील भेद स्पष्ट करणे.
३. वेदनाशामकांच्या अतिवापराचे दुष्परिणाम विशद करणे.

स्वरूप व प्रकार :

डोकेदुखीच्या विकारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण प्रथम १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची तिसरी आवृत्ती २०१८ ची आहे. त्यानुसार या डोकेदुखीचा एक झटका अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकतो. वेदना बहुधा डोक्याच्या दोन्ही बाजूंना, घट्ट फेटा आवळल्याप्रमाणे दाब देणारी, सौम्य ते मध्यम असते. चालल्याने किंवा जिना चढल्याने ती वाढत नाही. याउलट अर्धशिशीत डोके बहुधा एका बाजूने ठणकते, मळमळ होते, उजेड व आवाज असह्य होतात आणि हालचालीने वेदना वाढते. दोन्ही विकारांची औषधे भिन्न असल्यामुळे हा भेद आवश्यक ठरतो.

वारंवारतेनुसार तीन प्रकार मानले जातात. महिन्यातून सरासरी एका दिवसाहून कमी दुखणे हा विरळ प्रकार, १ ते १४ दिवस दुखणे हा वारंवार होणारा प्रकार, तर तीन महिन्यांहून अधिक काळ दरमहा १५ किंवा अधिक दिवस दुखणे हा जुनाट प्रकार होय. शेजारच्या कर्नाटकात बेंगळुरू व लगतच्या ग्रामीण भागातील प्रौढांच्या पाहणीत, गेल्या वर्षभरात तणावजन्य डोकेदुखी झालेल्यांचे प्रमाण सुमारे ३५ टक्के आढळले होते.

कारणमीमांसा :

पूर्वी ही डोकेदुखी केवळ स्नायूंच्या आकुंचनामुळे होते असे मानले जाई. आज हे स्पष्टीकरण अपुरे समजले जाते. कवटीभोवतालचे, मानेचे व खांद्याचे स्नायू दाबल्यास दुखरे लागतात. परंतु वेदना वारंवार होत राहिल्यास मज्जारज्जू व मेंदूतील वेदनावाहक यंत्रणाच अतिसंवेदनशील बनते. मग एरवी जाणवणारही नाही असा स्नायूंवरील ताणही दुखू लागतो. मानसिक ताण, अपुरी झोप, चुकलेले जेवण व एकाच स्थितीत दीर्घकाळ बसणे या बाबी तिला चालना देतात. त्यामुळे 'तणावजन्य' म्हणजे 'मनाचे खेळ' असा अर्थ काढणे अशास्त्रीय आहे.

तात्कालिक औषधे :

झटका आल्यावर प्रौढांना पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम किंवा आयबुप्रोफेन २०० ते ४०० मिलिग्रॅम उपयुक्त ठरते. पॅरासिटामॉलची चोवीस तासांतील एकूण मात्रा ४ ग्रॅमच्या पुढे गेल्यास यकृतास धोका संभवतो. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही तेच औषध असल्याने ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. जठरव्रण, मूत्रपिंडाचे विकार, दमा किंवा गर्भावस्था असल्यास आयबुप्रोफेन व तत्सम औषधे स्वतःहून घेऊ नयेत. ट्रामाडॉलसारखी अफूवर्गीय औषधे या विकारात टाळावीत, असाच वैद्यकीय संकेत आहे.

वेदनाशामकांचा अतिवापर :

साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा कॅफीनसारखे घटक असलेली मिश्र औषधे १० किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास 'औषध-अतिवापरजन्य डोकेदुखी' जडू शकते. गोळीचा अंमल उतरताच डोके दुखते, म्हणून पुन्हा गोळी घेतली जाते आणि हे चक्र चालू राहते. येथे गोळ्यांच्या संख्येपेक्षा गोळी घेतलेल्या दिवसांची संख्या महत्त्वाची असते. औषध थांबविल्यावर बहुधा दोन ते दहा दिवस त्रास वाढतो, नंतर तो ओसरू लागतो. हा काळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली घालविणे इष्ट होय.

मिश्र औषधांचा प्रश्न देशपातळीवरही गाजला. केंद्र शासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली. पॅरासिटामॉल, प्रोपिफेनाझोन व कॅफीन यांचे मिश्रण असलेल्या सॅरिडॉनला सर्वोच्च न्यायालयाने प्रथम अंतरिम दिलासा दिला व २०१९ मध्ये ते बंदीतून वगळले गेले. बंदीतून सुटलेले औषध रोज घेण्यास सुरक्षित असते, असा अर्थ मात्र यातून निघत नाही.

प्रतिबंधक औषधे :

जुनाट प्रकारात झटका थांबविण्यापेक्षा तो येऊच नये यासाठी औषध द्यावे लागते. यात ॲमिट्रिप्टिलिनला प्रथम पसंती आहे. या विकारातील त्याची उपयुक्तता दर्शविणारी चाचणी १९६४ मध्येच प्रसिद्ध झाली होती. सामान्यतः रात्री १० मिलिग्रॅमपासून आरंभ करून मात्रा हळूहळू ३० ते ७५ मिलिग्रॅमपर्यंत नेली जाते. गुण येण्यास काही आठवडे लागतात. म्हणून चार दिवसांत औषध सोडून देणे ही रुग्णांकडून होणारी मोठी चूक ठरते. तोंडाला कोरड, झोपाळूपणा, बद्धकोष्ठता व वजनवाढ हे त्याचे दुष्परिणाम होत. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ वा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना ते आधी सांगणे अनिवार्य आहे. सहा ते बारा महिन्यांनी मात्रा उतरवून पाहिली जाते.

हे मूळचे नैराश्यविरोधी औषध असल्याने 'वेडाची गोळी' म्हणून ते नाकारले जाते. वस्तुतः डोकेदुखीसाठी त्याची मात्रा बहुधा नैराश्यातील मात्रेपेक्षा कमी असते आणि नैराश्य नसलेल्या रुग्णांनाही त्याचा गुण येतो. ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूची २०२२ मध्ये समाविष्ट आहे. औषधे नियम, १९४५ मधील अनुसूची 'एच' नुसार ते नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही.

केवळ औषधावर विसंबणेही पुरेसे नाही. जुनाट प्रकाराच्या २०३ रुग्णांवरील अमेरिकेतील अभ्यासात (२००१) डोकेदुखी निम्म्याने वा अधिक घटलेल्यांचे प्रमाण नैराश्यविरोधी औषधाने ३८ टक्के, तणाव-व्यवस्थापनाने ३५ टक्के, निष्क्रिय गोळीने २९ टक्के, तर औषध व तणाव-व्यवस्थापन या दोहोंच्या एकत्रित उपचाराने ६४ टक्के आढळले.

धोक्याची चिन्हे :

अचानक उद्भवलेली तीव्रतम डोकेदुखी, ताप व ताठरलेली मान, फिट येणे, हातापायात अशक्तपणा, बोलण्यात वा दृष्टीत बदल, डोक्यास मार लागल्यानंतरची वेदना किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी ही तणावजन्य समजू नये. अशा वेळी ग्रामीण रुग्णालयात तपासणी करून आवश्यकतेनुसार लातूर वा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावे. ही चिन्हे नसल्यास व तपासणी निर्दोष असल्यास सर्वांनाच मेंदूच्या स्कॅनची गरज नसते.

निष्कर्ष :

तणावजन्य डोकेदुखी जीवघेणी नाही. परंतु ती चुकीच्या सवयीने जुनाट बनू शकते. दुखल्याचे व गोळी घेतल्याचे दिवस एका वहीत महिनाभर नोंदविल्यास डॉक्टरांना निदान करणे सुलभ होते. आठवड्यातून दोनपेक्षा अधिक दिवस गोळी लागत असल्यास औषध दुकानाऐवजी दवाखाना गाठणे योग्य ठरते. वर्गात कपाळ धरून बसलेल्या विद्यार्थ्याला प्राध्यापकाने आपल्या जवळची गोळी देण्याऐवजी त्याची झोप, जेवण व यापूर्वी घेतलेल्या गोळ्यांची विचारपूस करावी. अनेकदा उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.