फिलाडेल्फिया परिषदेपूर्वीच्या आशा व शंका (१७८६-८७)

अमेरिकेच्या राज्यघटनेचे अध्यापन बहुधा १७ सप्टेंबर १७८७ च्या स्वाक्षऱ्यांपासून सुरू होते. त्यामुळे फिलाडेल्फियाची परिषद यशस्वी होणारच होती, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात नकळत रुजतो. प्रस्तुत लेखात परिषदेपूर्वीच्या काही महिन्यांतील मनःस्थितीचा विचार केला आहे.

१ मार्च १७८१ पासून अमलात आलेल्या 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'नुसार काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. ती घटकराज्यांकडे केवळ रकमेची मागणी करू शके. राज्यांनी ती पुरवली नाही तर निरुपाय. दुरुस्तीस तेराही राज्यांची संमती आवश्यक होती. आयात मालावर पाच टक्के जकात बसविण्याचा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने १७८२ मध्ये बारगळला. म्हणजे व्यवस्था सुधारण्याचा मार्ग त्याच व्यवस्थेने जवळजवळ बंद केला होता.

सप्टेंबर १७८६ मध्ये अॅनापोलिस येथे व्यापारविषयक बैठक भरली, तेव्हा पाच राज्यांचे मिळून बाराच प्रतिनिधी आले. हे अपयशच होय. तथापि हॅमिल्टन यांनी लिहिलेल्या निवेदनातून पुढील मे महिन्यात व्यापक परिषद भरविण्याचे आवाहन याच बैठकीने केले. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात कर्ज आणि करांच्या ओझ्याने त्रासलेल्या शेतकऱ्यांनी न्यायालये बंद पाडली. शेजच्या या बंडाने मालमत्ताधारक वर्गाला जी धास्ती बसली, तिने परिषदेच्या बाजूने जे साधले ते अनेक युक्तिवादांना साधले नसते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मॅडिसन यांची आशा अभ्यासावर उभी होती. जेफर्सन यांनी पॅरिसहून पाठविलेले ग्रंथ वाचून त्यांनी प्राचीन व अर्वाचीन संघराज्यांची टिपणे काढली. एप्रिल १७८७ मध्ये प्रचलित व्यवस्थेतील दोषांची यादी केली. केंद्राचा आदेश व्यक्तींना नव्हे तर राज्यांना उद्देशून असतो, आणि त्यामागे दंडशक्ती नसते, हे त्यांचे निदान मूलगामी होते.

वॉशिंग्टन मात्र साशंक होते. १७८३ मध्ये त्यांनी सार्वजनिक जीवनातून जाहीर निवृत्ती घेतली होती. शिवाय त्याच महिन्यात त्याच शहरात भरणाऱ्या 'सोसायटी ऑफ द सिनसिनाटी'च्या सभेस येणार नाही, असे त्यांनी आधीच कळविले होते! मोजकीच राज्ये आली तर प्रतिष्ठेचे काय, हाही प्रश्न होता. अखेर मार्चअखेरीस त्यांनी होकार दिला.

विरोधकांची शंका वेगळी होती. काँग्रेसने २१ फेब्रुवारी १७८७ रोजी परिषदेला मान्यता दिली ती केवळ आर्टिकल्सच्या दुरुस्तीपुरती. या मर्यादेपलीकडे परिषद गेली तर? पॅट्रिक हेन्री यांनी प्रतिनिधित्व नाकारले. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठविले नाही. विरोधकांची ही शंका निराधार नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

१४ मे या ठरलेल्या दिवशी पेनसिल्व्हेनिया व व्हर्जिनिया या दोनच राज्यांचे प्रतिनिधी हजर होते. सात राज्यांची गणसंख्या २५ मे रोजी पूर्ण झाली. मधल्या अकरा दिवसांत व्हर्जिनियाचे प्रतिनिधी रोज एकत्र बसत होते. त्या बैठकांतून जो आराखडा तयार झाला, तो आर्टिकल्सच्या दुरुस्तीपुरता राहिला नव्हता.