बाळाचा बसलेला आवाज

दोन-तीन वर्षांच्या मुलाचा आवाज बसला की घरात पहिला संशय गार पाण्यावर जातो. मग खडीसाखर, ज्येष्ठमध, हळदीचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेलं सिरप असं सगळं होतं, पण आवाज काही सुटत नाही. पुढे श्वास आत घेताना शिट्टीसारखी घरघर ऐकू येऊ लागते आणि दमा समजून नेब्युलायझर सुरू होतो. त्यानेही उतार पडला नाही की कधीतरी कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहतात. स्वरतंतूंवर तुतीच्या फळासारखे गुलाबी, दाणेदार घोस लटकलेले असतात.

त्या चामखिळी असतात. वैद्यकीय भाषेत या आजाराला ‘रिकरंट रेस्पिरेटरी पॅपिलोमॅटोसिस’ म्हणतात आणि तो होतो ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसमुळे, म्हणजेच एचपीव्हीमुळे. हा विषाणू गर्भाशयमुखाच्या कर्करोगामुळे सगळ्यांना ठाऊक झाला. त्या कर्करोगामागे मुख्यतः त्याचे १६ आणि १८ हे प्रकार असतात. जननेंद्रियांवर चामखिळी आणतात ते ६ आणि ११. शरीरसंबंधातून पसरणारे हेच दोन प्रकार, बहुतेक वेळा बाळंतपणात, आईकडून बाळाच्या घशात पोचतात.

हे कळलं की घरातल्यांच्या नजरा आईकडे वळतात. तसं होणं अन्यायाचं आहे. शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी एचपीव्हीची लागण होते आणि बहुतेकदा एक-दोन वर्षांत ती कसलंही लक्षण न दाखवता निघूनही जाते. आईकडे हा विषाणू नवऱ्याकडूनही आलेला असू शकतो. शिवाय बाळाला आजार होणं दुर्मीळच. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात, गरोदरपणी चामखिळी असलेल्या आयांच्या दर १००० बाळंतपणांमागे सुमारे ७ मुलांना तो झाला होता. सिझेरियननेही पूर्ण संरक्षण मिळत नाही, म्हणून केवळ एवढ्यासाठी ते सहसा सुचवलं जात नाही.

खरी परीक्षा असते ती उपचारांची. मुलाला भूल दिली जाते. करंगळीएवढी श्वासनलिका, भूलतज्ज्ञाला त्याच वाटेने प्राणवायू द्यायचा आणि सर्जनलाही त्याच वाटेने काम करायचं. सूक्ष्मदर्शकातून पाहत, फिरत्या बारीक पात्याने किंवा लेझरने घोस काढले जातात. जरा खोल गेलं तर स्वरतंतूवर व्रण राहून आवाज कायमचा बिघडतो, म्हणून हात राखूनच काम करावं लागतं. एवढं करूनही शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या अस्तरात विषाणू दडून राहतो आणि घोस पुन्हा उगवतात. काही मुलांचं चार-दोन शस्त्रक्रियांत भागतं, काहींना दर काही आठवड्यांनी टेबलावर जावं लागतं. क्वचित आजार फुप्फुसांपर्यंत उतरतो.

मोठ्या माणसांच्या घशातही हा विषाणू घर करतो, तेही कधी कधी अनपेक्षित वाटांनी. १९९१ साली नॉर्वेतल्या डॉक्टरांनी एका ४४ वर्षांच्या सर्जनची हकीकत प्रसिद्ध केली. रुग्णांच्या जननेंद्रियांवरच्या आणि गुदद्वाराजवळच्या चामखिळी ते लेझरने जाळत. पुढे त्यांच्याच स्वरयंत्रात चामखिळी आल्या आणि त्यांत ६ व ११ या प्रकारांचे अंश सापडले. लेझरच्या धुरातूनच लागण झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. शस्त्रक्रियागृहात धूर शोषणारं यंत्र लावतात, त्यामागे असे अनुभव आहेत.

एचपीव्हीची लस म्हटली की आईवडिलांच्या डोळ्यांसमोर फक्त कर्करोग येतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तीत १६ आणि १८ बरोबर ६ आणि ११ यांवरही संरक्षण आहे. म्हणजे आज शाळकरी मुलीला दिलेली लस तिच्या पुढे होणाऱ्या बाळाचा आवाजही राखू शकते. शरीरात आधीच शिरलेला विषाणू मात्र लस काढू शकत नाही, म्हणून ती ९ ते १४ या वयात देणं उत्तम.

हा नुसता आशावाद नाही. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये याच चार प्रकारांवरची लस मुलींना मोफत द्यायला सुरुवात केली. पुढे तिथल्या डॉक्टरांनी घशातला हा आजार झालेल्या देशभरातल्या मुलांची नोंद ठेवली. २०१२ मध्ये ७ नवे रुग्ण सापडले, मग ३, मग २, पुन्हा २ आणि २०१६ मध्ये फक्त १. या १५ मुलांपैकी एकाच्याही आईने गरोदरपणाआधी ती लस घेतलेली नव्हती.