स्मार्ट वीजमीटर आणि कुटुंबांचे मत : महाराष्ट्राच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

जिन्याखालच्या किंवा दाराबाहेरच्या फळीवर बसविलेले विजेचे मीटर हा कुटुंबातील चर्चेचा विषय सहसा नसतो. बिल वाढून आले की मात्र घरातील प्रत्येकाची नजर तिकडे वळते आणि 'मीटर पळते' असा निर्णय तत्काळ दिला जातो. अलीकडच्या काही वर्षांत हेच मीटर महाराष्ट्रात सार्वजनिक वादाच्या केंद्रस्थानी आले. केंद्र शासनाने 2021 मध्ये सुधारित वितरण क्षेत्र योजना मंजूर करून देशभर 25 कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यानुसार महावितरणने 2023 मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे दिली. ग्राहक संघटना, कामगार संघटना व राजकीय पक्ष यांच्या विरोधानंतर जून 2024 मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसविले जाणार नाही असे जाहीर केले. पुढे 2025 मध्ये वापरानंतर बिल देण्याच्या पद्धतीचे 'टीओडी' मीटर बसविण्यास वेग आला, तेव्हा विरोध पुन्हा उफाळून आला. अशा विरोधास अज्ञान किंवा गैरसमज म्हणून बाजूला सारण्याची प्रवृत्ती दिसते. प्रत्यक्षात त्यामध्ये यंत्राविषयीची शंका थोडी आणि व्यवहाराविषयीची शंका फार मोठी आहे. या दोहोंची सरमिसळ झाल्याने कुटुंबांचे खरे म्हणणे ऐकले गेलेले नाही.

'स्मार्ट' आणि 'प्रीपेड'

'स्मार्ट' हा शब्द यंत्राचे वर्णन करतो, तर 'प्रीपेड' हा शब्द पैशाच्या व्यवहाराचे. स्मार्ट मीटर ठरावीक अंतराने, साधारणतः दर 15 किंवा 30 मिनिटांच्या वापराची नोंद ठेवते आणि ती मोबाइलच्या जाळ्यातून किंवा रेडिओ लहरींद्वारे कंपनीच्या संगणकाकडे पाठविते. दूरवरून आज्ञा देऊन घराचा पुरवठा तोडण्याची व जोडण्याची सोयही त्यात असते. त्याच मीटरवर पैसे आगाऊ घ्यावयाचे की महिनाअखेर, हे मुख्यतः कंपनीच्या संगणक प्रणालीत ठरते. त्यासाठी भिंतीवरील यंत्र बदलावे लागतेच असे नाही. त्यामुळे 'आज पोस्टपेड बसवतील आणि उद्या प्रीपेड करतील' ही सामान्य गृहिणीची शंका तांत्रिकदृष्ट्या निराधार म्हणता येत नाही. तिचे निरसन माहितीपत्रकाने होणारे नाही. त्यासाठी नियमाची हमी हवी.

मीटर खरोखर पळते काय?

जुन्या मीटरमधील फिरती चकती वर्षानुवर्षांच्या घर्षणाने व धुळीने मंदावत असे. असे मीटर काढून अचूक मीटर बसविले की वापर तेवढाच राहूनही युनिट वाढतात. ही वाढ जुन्या मीटरने सोडून दिलेल्या युनिटांची असते. तथापि, इलेक्ट्रॉनिक मीटर कधीच चुकत नाही असे समजणेही योग्य नव्हे. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, डिमर जोडलेल्या एलईडी दिव्यांसारख्या भारावर काही मीटरांनी प्रत्यक्षाच्या कित्येक पट अधिक वापर नोंदविल्याचे आढळले. तो प्रयोगशाळेतील विशिष्ट भार होता, घरोघरची स्थिती नव्हे. पण शंका तपासून पाहण्यायोग्य आहे, एवढे त्यावरून निश्चित ठरते.

तपासणीचा एक मार्ग घरातच उपलब्ध आहे. मीटरवरील लाल दिवा एका युनिटमागे किती वेळा लुकलुकतो, हा आकडा मीटरवर छापलेला असतो. तो 3200 असल्यास, इतर सर्व उपकरणे बंद ठेवून 1000 वॉटचा पाण्याचा हीटर चालविला असता दिवा मिनिटाला सुमारे 53 वेळा लुकलुकला पाहिजे. विजेचा दाब कमीअधिक असल्यास थोडा फरक पडेल; पण आकडा दुप्पट येत असेल तर तक्रारीस आधार मिळतो. दुसरा मार्ग नियमाने दिलेला आहे. वीजग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यास कंपनीने 5 दिवसांत पडताळणीसाठी अतिरिक्त मीटर बसवून किमान 3 महिने तुलना करावयाची आहे. मीटर बसविणारा कर्मचारी मोबाइल ॲपची माहिती जितक्या उत्साहाने देतो, तितक्या उत्साहाने या तरतुदीची देत नाही.

उधारीचा प्रश्न

विरोधाचे मूळ याहून खोल आहे. वापरानंतर बिल देणे म्हणजे कुटुंबास मिळालेली महिनाभराची उधारीच होय. किराणा दुकानातील खात्याप्रमाणे ती घरखर्चाच्या आखणीत गृहीत धरलेली असते. शिवाय विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी 15 दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात या 15 दिवसांत उसनवारी होते, सोने गहाण पडते, कार्यालयात जाऊन हप्ते मागितले जातात. प्रीपेड व्यवहारात शिल्लक संपते आणि वीज जाते. काही कंपन्यांनी रात्री व सुटीच्या दिवशी पुरवठा न तोडण्याची सोय ठेवली आहे, परंतु लेखी नोटिशीची जागा मोबाइल संदेशाने घेतलेली असते. हा संदेश नोंदणीकृत क्रमांकावर जातो. भाड्याच्या खोलीत तो क्रमांक घरमालकाचा असतो, तर गावाकडील घरात पुण्या-मुंबईस नोकरी करणाऱ्या मुलाचा. अंधारात बसण्याची वेळ येते ती आजी-आजोबांवर.

दुरून वीज तोडण्याची भीती काल्पनिक नाही. उत्तर प्रदेशात ऑगस्ट 2020 मध्ये ऐन जन्माष्टमीच्या दिवशी एक लाखाहून अधिक स्मार्ट मीटरधारकांचा पुरवठा तांत्रिक चुकीने एकाएकी बंद झाला होता. महाराष्ट्राची त्याच वर्षीची आठवण वेगळी आहे. टाळेबंदीत रीडिंग थांबल्याने सरासरी बिले गेली आणि जूनमध्ये एकत्रित बिले आली, तेव्हा मोठा असंतोष पसरला. न्यायाने पाहिल्यास तो प्रसंग स्मार्ट मीटरच्या बाजूने बोलतो, कारण दूरवरून रीडिंग येत असते तर सरासरीची वेळच आली नसती. लोकांच्या मनात मात्र त्यातून 'कंपनीचा आकडा आपल्याला तपासता येत नाही' एवढेच उरले.

खर्च आणि सवलत

मीटर विनामूल्य आहे, या विधानावरही कुटुंबांचा विश्वास बसत नाही. महाराष्ट्रातील कंत्राटांत देखभालीसह प्रति मीटर खर्च सुमारे 12 हजार रुपये पडतो; केंद्राचे अनुदान प्रति मीटर अधिकाधिक 900 रुपये. उर्वरित रक्कम वीजदरांतून किंवा बचतीतून वसूल होणार, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही.

टीओडी मीटरच्या बाजूने मांडला जाणारा प्रमुख मुद्दा दिवसाच्या सवलतीचा आहे. सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर घरगुती ग्राहकांस प्रति युनिट 80 पैशांपासून 1 रुपयापर्यंत सूट 2025 मध्ये जाहीर झाली. सौर वीज मुबलक असताना ती वापरली जावी हा हेतू रास्त आहे. पण नोकरदार जोडप्याचे घर या वेळेत कुलूपबंद असते. गिझर 9 पूर्वी चालतो, पंखे व वातानुकूलन यंत्र रात्री. सवलतीचा लाभ घ्यावयाचा तर धुणे, इस्त्री, पाण्याची मोटर, दळण ही कामे दुपारी सरकवावी लागतात, म्हणजे घरी असणाऱ्या स्त्रीची दुपारची विश्रांती त्यात जाते. महिन्याला 30 युनिट असे सरकविले तर बचत होते 24 ते 30 रुपये.