मणक्यातील चकतीचे दुखणे आणि शस्त्रक्रियेविना उपचार : पेण व रोहा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पेण व रोहा परिसरात कंबरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्याविषयी बोलताना तीन वाक्ये हमखास ऐकू येतात : 'गादी सरकली आहे', 'मणक्यात गॅप आला आहे' आणि 'नस दबली आहे'. यांपैकी तिसरे वाक्य वस्तुस्थितीच्या बरेच जवळ जाणारे असून पहिली दोन दिशाभूल करणारी आहेत. ही केवळ शब्दांची बाब नव्हे. सरकलेली वस्तू कोणीतरी जागेवर बसवावी लागते, पडलेली फट कोणीतरी बुजवावी लागते, असा समज या शब्दांतूनच तयार होतो. मग रुग्ण एक तर कंबर 'बसवून' घेण्यासाठी हाडवैद्य गाठतो किंवा घाईने शस्त्रक्रियेचा निर्णय घेतो. या दोन टोकांच्या मध्ये जो शांत, काहीसा कंटाळवाणा, परंतु बहुसंख्य रुग्णांना उपयोगी पडणारा मार्ग आहे त्याचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

चकतीची रचना व दुखण्याचे स्वरूप

मानवी पाठीच्या कण्यात एकूण २३ चकत्या असतात. प्रत्येक चकतीचा बाहेरचा भाग चिवट तंतूंच्या वलयांचा, तर आतला गाभा पाणी धरून ठेवणारा व लिबलिबीत असतो. चकती दोन्ही मणक्यांना घट्ट जोडलेली असल्यामुळे ती साबणाच्या वडीसारखी सरकत नाही. वयोमानाने किंवा ताणाने बाहेरच्या वलयांना चीर पडते व आतला गाभा त्या चिरेतून मागच्या बाजूस डोकावतो. तेथूनच पायाकडे जाणारी मज्जातंतूंची मुळे बाहेर पडतात. कंबरेतील बहुतेक हर्निया शेवटच्या दोन चकत्यांमध्ये होतात, म्हणूनच कळ नितंबातून मांडी, पोटरी व पावलापर्यंत जाते. 'गॅप' या शब्दाबद्दल सांगायचे तर, झिजलेल्या चकतीमुळे दोन मणक्यांतील अंतर वाढत नाही, उलट कमी होते!

चकतीचा हा विकार पायातील कळेचे कारण म्हणून वैद्यकाने मान्य केला तो १९३४ साली, बोस्टन येथील मिक्स्टर व बार या शल्यविशारदांच्या शोधनिबंधानंतर. त्यांनी दाखविलेला उपाय शस्त्रक्रियेचा होता आणि पुढील कित्येक दशके 'दाब आहे, तो काढा' हाच विचार प्रबळ राहिला. परंतु वेदना केवळ दाबाने होत नाही. बाहेर आलेला गाभा शरीराला परका वाटतो, तेथे दाह उत्पन्न होतो आणि त्या दाहामुळे मज्जातंतूचे मूळ हुळहुळे बनते. म्हणूनच चित्रात मोठा हर्निया दिसूनही कोणी सुखाने हिंडतो, तर लहानशा फुगवट्याने दुसरा अंथरुणाला खिळतो.

एमआरआयचा अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ व्यक्तींची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींमध्ये किमान एका ठिकाणी चकतीचा फुगवटा आढळला. अहवालातील 'बल्ज' हा शब्द वाचून हवालदिल होण्यापूर्वी ही संख्या आठवावी. धोक्याची लक्षणे नसताना पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआय काढल्याने उपचारांत सहसा फरक पडत नाही, मात्र रुग्णाची भीती वाढते.

नैसर्गिक उपशम

जो दाह वेदना निर्माण करतो, तोच पुढे उपचारही करतो. बाहेर आलेल्या गाभ्याभोवती नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या येतात, भक्षक पेशी त्याचे तुकडे गिळतात, त्यातील पाणी आटते आणि कालांतराने हर्निया आक्रसतो. २०१५ साली पूर्वीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यानुसार साधा फुगवटा आपोआप कमी होण्याचे प्रमाण १३ टक्के, वलय फाटून बाहेर आलेल्या गाभ्याचे ७० टक्के, तर पूर्णपणे सुटून पडलेल्या तुकड्याचे ९६ टक्के आढळले. चित्रात जे अधिक भयंकर दिसते तेच शरीर अधिक तत्परतेने साफ करते. ही गोष्ट रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगितली जावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आपल्याकडे पाठीत चमक भरली की पायाळू माणसाकडून पाय लावून घेण्याची रीत आहे. दोन-चार दिवसांत चमक जाते आणि श्रेय पायाळू माणसाला मिळते. चमक तशीही दोन-चार दिवसांत जाणारच होती. या रीतीला हसणे सोपे आहे. परंतु कंबरेचा पट्टा, वजने लावून ओढण्याचे ट्रॅक्शन, विजेच्या शेकाची यंत्रे यांपैकी बऱ्याच उपचारांना मिळणारे श्रेय याच जातीचे असते. जे दुखणे बहुधा आपसूक ओसरते, त्यात कोणताही उपाय गुणकारी भासतो. म्हणून येथे अनुभवापेक्षा तुलनात्मक चाचणीला महत्त्व द्यावे लागते, आणि ट्रॅक्शनच्या बाबतीत अशा चाचण्यांचा कौल फारसा अनुकूल नाही.

विश्रांती, हालचाल व व्यायाम

'फळीवर तीन आठवडे सरळ झोपा' हा सल्ला एका पिढीने निमूटपणे पाळला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत सायटिकाच्या १८३ रुग्णांपैकी काहींना दोन आठवडे अंथरुणावर ठेवले गेले व काहींना जमेल तसे हिंडूफिरू दिले गेले. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांतील ८७ टक्के रुग्णांना आराम वाटत होता. अंथरुणाने विशेष काही साधले नाही, आणि दीर्घ विश्रांतीने स्नायू दुबळे होतात ते वेगळेच. कळ असह्य असेल तेव्हा एक-दोन दिवस पडून राहणे क्षम्य आहे. गुडघ्यांखाली उशी घेऊन उताणे, किंवा दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवून कुशीवर झोपल्यास बरे वाटते. त्यानंतर मात्र सपाट जागी थोडे थोडे, दिवसातून अनेकदा चालावे.

व्यायामाच्या संदर्भात न्यूझीलंडमधील रॉबिन मॅकेंझी या भौतिकोपचारतज्ज्ञाचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. १९५६ साली त्यांच्या वेलिंग्टन येथील चिकित्सालयात एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या पलंगावर चुकून पालथा झोपून राहिला आणि त्याची पायातील कळ नाहीशी झाली. त्यातून पुढे पद्धत तयार झाली. तिचे मर्म असे की, एखाद्या हालचालीने कळ पावलाकडून वर कंबरेकडे सरकत असेल, तर कंबर जास्त दुखली तरी ती हालचाल हितकर समजावी. कळ खाली पायाकडे उतरू लागली, तर ती हालचाल थांबवावी. पुष्कळांना पालथे पडून कोपरांवर छाती उचलणे मानवते, काहींना अजिबात मानवत नाही. व्यायामाचा छापील तक्ता सर्वांना सारखा वाटणे म्हणूनच चुकीचे आहे.

योगाभ्यासालाही हाच निकष लावावा. आसनांचा शास्त्रीय अभ्यास लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत १९२४ पासून होत आला आहे, त्यामुळे योगाविषयी आस्था असणे स्वाभाविक आहे. तथापि तीव्र कळ असताना पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन ही पुढे वाकण्याची आसने वर्ज्य करावीत. सूर्यनमस्कारही काही आठवडे बाजूला ठेवावेत. शवासन, मकरासन आणि निकष पाळून केलेले अर्धे भुजंगासन यांपासून प्रारंभ करता येतो.

एक साधी गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. रात्रभर आडवे राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे पहाटे वाकताना त्यांवर अधिक ताण येतो. उठल्यानंतर पहिले एक-दोन तास कंबरेत वाकणे टाळल्याने जुनी कंबरदुखी कमी होते, असे १९९८ सालच्या एका अमेरिकी चाचणीत दिसून आले. आपल्या घरांत अंगण झाडणे, केर काढणे, पाणी भरणे ही सारी कामे स्त्रिया नेमकी याच वेळी करतात. आखूड केरसुणीच्या जागी लांब दांड्याचा झाडू आणणे आणि झाडलोट न्याहारीनंतर करणे, हा बिनखर्चाचा उपचार आहे. अर्थात घरातील इतर मंडळींनी तो हाती घेतल्यास अधिकच उत्तम.

पारंपरिक उपचार व औषधे

आयुर्वेदात या विकाराचे वर्णन 'गृध्रसी' या नावाने येते व स्नेहन, स्वेदन, बस्ती हे उपचार सांगितले जातात. उडदाच्या पिठाचे कडे करून त्यात कोमट तेल धरून ठेवण्याची कटिबस्ती, किंवा घरोघरी चालणारा निर्गुंडीच्या पाल्याचा शेक, यांनी आखडलेले स्नायू सैल होतात व झोप लागते. हा लाभ क्षुल्लक नव्हे. परंतु तेल चकतीपर्यंत झिरपते किंवा हर्निया आत जातो, असे मानण्यास आधार नाही. पाऊल बधिर झाले असेल तर तेथे गरम पिशवी लावू नये, कारण भाजल्याचे कळतही नाही. नाव-गाव नसलेल्या 'जडीबुटी'च्या पुड्यांपासूनही सावध राहावे. अशा पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ आढळलेली आहे, आणि दोन दिवसांत जादूसारखा आला म्हणून सांगितला जाणारा गुण कित्येकदा तिचाच असतो.

वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस घेण्यास हरकत नाही, मात्र जठर, मूत्रपिंड व रक्तदाब यांचा विचार डॉक्टरांनी करावा. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी सर्रास दिले जाणारे प्रीगॅबालिन हे औषध २०१७ सालच्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत सायटिकाच्या रुग्णांना निरौषध गोळीपेक्षा अधिक उपयोगी ठरले नाही, चक्कर येण्याचा त्रास मात्र वाढला. मज्जातंतूच्या मुळाजवळ दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे थोडा आराम मिळू शकतो, पण तो टिकाऊ नसतो.

व्यवसाय, हंगाम आणि वेळ

पेणचे गणपती कारखाने, हमरापूर व जोहे येथील मूर्तिशाळा, खारेपाटातील भातशेती, रोह्याजवळील धाटावची औद्योगिक वसाहत, आणि २०११ साली चौपदरीकरण सुरू होऊन एका तपाहून अधिक काळ रेंगाळलेल्या मुंबई-गोवा महामार्गावरील दैनंदिन दुचाकीप्रवास ही यादी पाहिल्यावर कंबरदुखीचे मूळ व्यवसायातच आहे, असे कोणीही म्हणेल. फिनलंडमधील जुळ्या भावंडांच्या दीर्घ अभ्यासातून मात्र वेगळे चित्र पुढे आले : चकतीच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा, तर कामाच्या ओझ्याचा तुलनेने मर्यादित आहे. तेव्हा मूर्तिकाराचा व्यवसाय त्याची चकती बिघडवतोच असे नव्हे. व्यवसाय त्याला बरे होण्यास लागणारा अवधी मिळू देत नाही, ही खरी अडचण आहे.

हा अवधी किती, याचे उत्तर २००७ सालच्या नेदरलँड्समधील आणखी एका चाचणीतून मिळते. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांपैकी ज्यांची लवकर शस्त्रक्रिया ठरली, त्यांना बरे वाटण्यास सर्वसाधारणपणे चार आठवडे लागले. ज्यांना थांबविले गेले, त्यांना बारा. वर्षअखेर दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली, हेही नमूद केले पाहिजे. म्हणजे शस्त्रक्रियेने मिळतो तो मुख्यतः वेळ. पगारी रजा असलेल्या प्राध्यापकाला बारा आठवडे थांबणे परवडते. आषाढात कळ सुरू झालेल्या, भाद्रपदापर्यंत मूर्ती देण्याचा शब्द दिलेल्या आणि रोजावर काम करणाऱ्या कारागिराला ते परवडत नाही. भातलावणीच्या पंधरवड्यात चिखलात ओणवे राहणाऱ्या स्त्रीचीही तीच गत. 'थांबा' हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या कितीही योग्य असला तरी त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही.

म्हणून कामाची मांडणी बदलणे हाच येथील महत्त्वाचा विनाशस्त्र उपचार ठरतो. जमिनीवर बसून समोरच्या मूर्तीवर तासन्‌तास झुकण्याऐवजी मूर्ती छातीच्या उंचीवर, फिरत्या पाटावर ठेवावी. रंगकाम व डोळ्यांची आखणी दुखणाईताकडे, तर प्लास्टरची पोती व ओले साचे उचलणे दुसऱ्याकडे, अशी वाटणी करावी. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आपल्या वर्गालाही हा शेवटचा नियम लागू आहे!

धोक्याची लक्षणे

वरील सारे विवेचन एका अटीवर अवलंबून आहे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, जांघेत व गुदद्वाराभोवती, म्हणजे खोगिरावर बसताना टेकणाऱ्या भागात बधिरता येणे, दोन्ही पायांतील बळ जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास तो तातडीच्या शस्त्रक्रियेचा प्रसंग असतो. तेथे तासांचा हिशेब लागतो आणि विलंबाने झालेली हानी भरून येत नाही. पाऊल वर उचलता न येणे, चालताना चप्पल सुटून पडणे, हेही त्याच दिवशी दाखवावे. ताप, घटलेले वजन, कर्करोगाचा किंवा क्षयाचा पूर्वेतिहास असल्यास दुखणे चकतीचे आहे, असे गृहीत धरू नये.

अडचण अशी की, ही लक्षणे सांगण्यास लाज वाटते. 'पाठ कशी आहे?' असे विचारल्यास स्त्रिया विशेषतः 'बरी आहे' एवढेच सांगतात. म्हणून 'लघवीला नीट होते ना? पुसताना स्पर्श कळतो ना?' असे घरातल्या जवळच्या माणसाने स्पष्टपणे विचारावे, आणि रोज एकदा टाचांवर व एकदा चवड्यांवर पाच-सहा पावले चालून दाखविण्यास सांगावे. उत्तर नकारार्थी आल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि मणक्याची शस्त्रक्रिया त्याच रात्री होऊ शकेल असे रुग्णालय अलिबाग, पनवेल की नवी मुंबई येथे आहे, हे निघण्यापूर्वी दूरध्वनीवर विचारून घ्यावे.