वायफाय घरचे, पण कॉम्प्युटर कोणाकोणाला दिसतो?

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. आता त्याच आधारचे स्कॅन, सातबारा, पासबुकचे फोटो घरच्या कॉम्प्युटरवर एखाद्या फोल्डरमध्ये पडलेले असतात. तो फोल्डर ‘शेअर’ केलेला असेल, तर त्याच वायफायवरच्या दुसऱ्यालाही तो उघडता येऊ शकतो.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधून ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडा, वायफायवर जा आणि जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज पाहा. तिथे ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ असे दोन पर्याय दिसतात. गल्लत होते ती इथेच. नावावरून प्रायव्हेट जास्त सुरक्षित वाटते, पण आहे उलटे! प्रायव्हेटवर तुमचा कॉम्प्युटर नेटवर्कवरच्या इतरांना दिसू शकतो. पब्लिकवर तो लपलेला राहतो. प्रिंटर किंवा फाइल शेअर करायची नसेल, तर पब्लिकच ठेवा. इंटरनेट नेहमीसारखेच चालते. वायफायचा पासवर्ड शेजाऱ्यांकडे गेला असेल किंवा भाडेकरूही तेच राउटर वापरत असतील, तर हे आजच करा.

शेअरिंग हवेच असेल, तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये पासवर्डचे संरक्षण चालू ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फसव्या लिंकपासून मात्र यातले कोणतेच सेटिंग वाचवत नाही.