दंड भरायला पैसे नाहीत, म्हणून तुरुंग?

न्यायालयाच्या निकालात शेवटी एक वाक्य हमखास असतं: 'दंड न भरल्यास आणखी इतके महिने कैद.' निकाल ऐकायला आलेल्या घरच्यांचं लक्ष वर्षांकडे असतं, या वाक्याकडे नसतं. वकीलही बऱ्याचदा समजावून सांगत नाहीत. मग शिक्षेची वर्षं संपतात, घरचे गेटवर न्यायला जातात आणि तिथे कळतं की माणूस आज सुटणार नाही, कारण पाच-दहा हजार रुपये भरलेले नाहीत. वस्त्यांमध्ये काम करताना हे मी वारंवार पाहिलं आहे. म्हणून दंड, त्याची वसुली आणि तो न भरल्यास काय होतं, हे आपल्या कार्यकर्त्यांना नीट माहीत असायला हवं.

दंड वसूल करायला सरकारकडे दोन मार्ग आहेत. एक मालमत्तेतून, दुसरा माणसाला आत ठेवून. ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याच्यासाठी पहिला मार्ग असतो, पण तो दंड केव्हाच भरून मोकळा झालेला असतो. ज्याच्याकडे काही नाही त्याच्या वाट्याला दुसरा येतो.

पहिला मार्ग आधी पाहू. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६१ नुसार (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४२१ होतं) न्यायालय जंगम मालमत्तेच्या जप्तीचं वॉरंट काढू शकतं, किंवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवून दंडाची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायला सांगू शकतं. महसुलाच्या थकबाकीसाठी आपल्या राज्याच्या महसूल कायद्यात थकबाकीदाराला अटक करायचीही तरतूद आहे. दंडाच्या वसुलीत मात्र ती वापरता येत नाही, असं संहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे. तलाठी किंवा तहसील कार्यालयातून कुणी 'उचलून नेऊ' असं धमकावत असेल तर हे कलम पुढे ठेवावं. शिवाय दंड न भरल्याबद्दलची कैद माणसाने पूर्ण भोगली असेल, तर त्यानंतर न्यायालयाला असं वॉरंट सहसा काढता येत नाही. काढायचंच असेल तर त्याची खास कारणं लेखी नोंदवावी लागतात किंवा त्या दंडातून पीडिताला भरपाई द्यायचा आदेश असावा लागतो. दंडाच्या वसुलीची साधारण मुदत शिक्षेपासून सहा वर्षांची आहे, आणि माणूस वारला तरी त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवरची जबाबदारी संपत नाही.

आता दुसरा मार्ग. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ८ हे या विषयाचं मूळ आहे. ज्या गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही आहेत, तिथे दंड न भरल्याबद्दलची कैद त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं आहेत, म्हणजे दंडापोटी नऊ महिन्यांच्या वर जाता येत नाही. ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे, तिथे कैद साधीच असते, सक्तमजुरी नाही: दंड पाच हजारांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त दोन महिने, दहा हजारांपर्यंत चार महिने, त्यापुढे एक वर्ष. जुन्या दंड संहितेत हेच टप्पे पन्नास आणि शंभर रुपयांचे होते. इंग्रजांनी १८६० मध्ये ठरवलेले आकडे आपण दीडशेहून जास्त वर्षं वापरले, यावर वेगळा लेख होईल.

पण सगळ्यात कामाची गोष्ट याच कलमात पुढे आहे आणि ती जवळपास कुणालाच माहीत नसते. ही कैद दंड भरल्याक्षणी संपते. आणि दंडाचा काही भाग भरला, तर कैदही त्याच प्रमाणात कमी होते. कायद्यातच दिलेलं उदाहरण असं: एक हजार रुपये दंड, न भरल्यास चार महिने कैद. पहिला महिना संपायच्या आत साडेसातशे रुपये भरले, तर पहिला महिना संपताच माणूस सुटला पाहिजे. म्हणजे 'सगळे पैसे जमले तरच भरू' म्हणून घरचे थांबतात, ते चुकीचं आहे. जमतील तेवढे भरावेत, पावती घ्यावी, आणि कारागृहाकडे सुटकेची तारीख नव्याने काढून मागावी.

हप्त्यांचीही सोय आहे. शिक्षा फक्त दंडाची असेल आणि पैसे लगेच नसतील, तर कलम ४६४ नुसार न्यायालय तीस दिवसांपर्यंतची मुदत देऊ शकतं किंवा दोन-तीन हप्ते बांधून देऊ शकतं, आणि तोवर माणसाला मुचलक्यावर सोडू शकतं. हे त्याच दिवशी न्यायालयात मागावं लागतं. मागितलं नाही तर कुणी आपणहून देत नाही.

अनेक कलमांखाली शिक्षा झाली असेल तर एक मोठा घोटाळा होतो. मूळ शिक्षा 'एकत्र भोगायच्या' असा आदेश असतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं दंडाच्या कैदाही एकत्रच मोजल्या जातील. तसं नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दंड न भरल्याबद्दलच्या कैदा एकत्र चालू शकत नाहीत, त्या एकामागून एक भोगाव्या लागतात. तीन कलमांखाली तीन दंड असतील तर तीन कैदांची बेरीज होते. दुसरीकडे, २००७ च्या शांतिलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात याच न्यायालयाने म्हटलं आहे की ही कैद म्हणजे मूळ गुन्ह्याची शिक्षा नव्हे. दंड न भरल्याचा तो परिणाम आहे, आणि ती ठरवताना आरोपीची आर्थिक स्थिती पाहिली पाहिजे. त्या प्रकरणात एक लाखाच्या दंडापोटी दिलेली तीन वर्षांची कैद सहा महिन्यांवर आणली गेली. अपिलाच्या वेळी वकिलांनी हा मुद्दा घ्यावा, असा आग्रह आपण धरला पाहिजे. फक्त 'निर्दोष सोडा' एवढंच मागून थांबू नये.

या कैदेत कोण बसतं? २०११ च्या जनगणनेत देशात अनुसूचित जातींचं प्रमाण १६.६ टक्के होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या कारागृह अहवालांत शिक्षा झालेल्या बंद्यांमध्ये ते वीस टक्क्यांच्या वर असतं. बौद्ध किती, हे त्या अहवालातून कळत नाही. धर्माच्या रकान्यात आपली गणती 'इतर' मध्ये होते. समाजशास्त्र शिकताना 'संरचनात्मक विषमता' हा शब्द पाठ केला होता. त्याचा अर्थ कारागृहाच्या रजिस्टरमध्ये जास्त स्पष्ट दिसतो: गुन्हा तोच, दंड तोच, पण एकाला तो खिशातून भरता येतो आणि दुसऱ्याला महिन्यांनी भरावा लागतो. फिनलंडसारख्या देशात अनेक गुन्ह्यांचा दंड माणसाच्या रोजच्या उत्पन्नावर मोजतात. आपल्याकडे रक्कम सगळ्यांना सारखी असते आणि याला समानता म्हटलं जातं.

२६ नोव्हेंबर २०२२ ला संविधान दिनाच्या कार्यक्रमात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तुरुंगातल्या गरिबांबद्दल सरन्यायाधीशांसमोर जाहीरपणे बोलून दाखवलं. पुढच्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने गरीब बंद्यांना साहाय्य करणारी योजना आणली. तिच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिक्षा झालेल्या बंद्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत आणि कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत रक्कम सरकार भरणार होतं. दंड न भरल्यामुळे कुणी अडकला असेल तर कारागृह अधीक्षकाने ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, त्यांनी आर्थिक स्थितीची चौकशी करायची आणि जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक वगैरे असलेल्या समितीने निर्णय घ्यायचा. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीए अशा कायद्यांखालच्या बंद्यांना ही योजना लागू नाही.

योजना कागदावर चांगली आहे. पण पैसा पडून राहतो आणि गृह मंत्रालयाला राज्यांना पुन्हा पुन्हा आठवण करून द्यावी लागते. कारण साधं आहे. आतला माणूस अर्ज करत नाही, त्याला योजना माहीत नाही. बाहेरचे नातेवाईक मजुरी सोडून जिल्ह्याच्या ठिकाणी येऊ शकत नाहीत. आणि अधिकाऱ्यांवर कुणी मागे लागणारं नाही. इथे आपली जागा आहे: या समितीला सामाजिक कार्यकर्त्यांची मदत घेता येते, हे सूचनांमध्येच आहे. प्रत्येक तालुक्यातल्या दोन-तीन तरुणांनी 'आपल्या भागातलं कोण दंडापायी आत आहे' याची यादी काढून प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी दिली, तरी बरंच काम होईल. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री आणि कोठडीतली कुणीही व्यक्ती मोफत वकिलाला पात्र आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही हे लागू आहे.

आता तरुण कार्यकर्त्यांसाठी थोडं वेगळं. मोर्चा काढला, जमावबंदी मोडल्याचा गुन्हा दाखल झाला, दोन-तीन वर्षांनी समन्स आलं. न्यायालयात कुणीतरी सांगतं, 'गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा.' दंड किरकोळ असतो, तारखा वाचतात, म्हणून पोरं कबूल करतात. पण त्या पावतीबरोबर दोषसिद्धीची नोंदही होते. पोलीस भरतीत किंवा कोणत्याही सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणीच्या वेळी ती समोर येते, आणि फॉर्ममध्ये लपवली तर लपवल्याचा ठपका वेगळा. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या किरकोळ प्रकरणाची माहिती दडवली गेली, तरी नियुक्ती करणारा अधिकारी त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. 'करू शकतो' म्हणजे केलंच पाहिजे असं नाही. त्यामुळे वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली देऊ नका, आणि फॉर्ममध्ये खरं तेच लिहा.

ई-चलानाबद्दलही गैरसमज आहेत. मोबाइलवर आलेलं चलान म्हणजे शिक्षा नव्हे. तो आरोप आहे, आणि ठरलेली रक्कम भरून प्रकरण मिटवायची सरकारने दिलेली संधी आहे. ती मान्य नसेल तर न्यायालयात बाजू मांडता येते. लोकअदालतीची नोटीस आली तर जावं, तिथे कोर्ट फी लागत नाही; पण तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नसतं, हे लक्षात ठेवून सही करावी. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या आपल्या मुलांचा खरा घोळ जुन्या गाडीचा असतो. गाडी विकली, आरसी बुकावर नाव तसंच राहिलं, आणि दुसऱ्याने मोडलेल्या सिग्नलची चलानं आपल्या नावावर साठत गेली. विक्री झाल्यावर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

रेल्वेचा नियम त्याहून कडक आहे. विनातिकीट सापडल्यावर भाडं आणि किमान २५० रुपयांचा जादा आकार भरला नाही, तर मॅजिस्ट्रेट ती रक्कम दंडासारखी वसूल करायला सांगू शकतो आणि न भरल्यास दहा दिवस ते एक महिना कैद देऊ शकतो. अडीचशे रुपयांसाठी किमान दहा दिवस. रोजंदारी बुडते ती वेगळी.

इतकं सगळं गरिबांच्या दंडाबद्दल झालं. एक दंड असाही आहे जो सरकारने लावायचा असतो आणि तो लावल्याचं आपल्या फारसं कानावर येत नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने कलम १०अ आलं. एखाद्या भागातले रहिवासी अस्पृश्यतेच्या गुन्ह्यात सामील असतील, चिथावणी देत असतील, गुन्हेगाराला आसरा देत असतील किंवा पुरावा दडपत असतील, तर राज्य सरकार चौकशी करून त्या रहिवाशांवर सामूहिक दंड बसवू शकतं. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १६ ने हीच तरतूद त्या कायद्यालाही लागू केली आहे. राजपत्रात अधिसूचना काढायची, गावात दवंडी पिटून किंवा दुसऱ्या प्रकारे ती जाहीर करायची (दवंडीचं काम कुणाच्या माथी मारलेलं होतं ते वाचकांना सांगायला नको), आणि न्यायालयाच्या दंडासारखीच वसुली करायची. विशेष म्हणजे हा दंड रहिवाशांमध्ये वाटताना प्रत्येकाची ऐपत पाहायची आहे. जे निर्दोष आहेत त्यांना सूट मागता येते, आणि त्या अर्जाला फीही नाही.

म्हणजे ऐपत पाहून दंड ठरवणं आपल्या कायद्याला जमत नाही असं नाही. बहिष्कार टाकणाऱ्या गावासाठी ते लिहून ठेवलेलं आहे. चोरीच्या गुन्ह्यातल्या मजुरासाठी ते न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडलेलं आहे.

जिल्हा दक्षता समितीच्या बैठकीत कलम १०अ चा विषय लेखी मांडता येतो. माहिती अधिकारात राज्याच्या गृह विभागाला आणि सामाजिक न्याय विभागाला विचारता येतं: गेल्या दहा वर्षांत या कलमाखाली किती चौकशा झाल्या, किती अधिसूचना निघाल्या आणि किती रक्कम वसूल झाली. अर्जाची फी दहा रुपये आहे.